एका व्हॉल्व्हसाठी थांबलेले कारखाने : १९९७ च्या आयसिन आगीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

शनिवार, १ फेब्रुवारी १९९७ रोजी पहाटे सव्वाचारच्या सुमारास जपानच्या आइची प्रांतातील कारिया शहरात आयसिन सेइकी या कंपनीच्या एक नंबरच्या कारखान्याला आग लागली. सकाळी नऊ वाजेपर्यंत तेथील ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या बहुतेक लाइन निकामी झाल्या होत्या. आयसिन ही टोयोटा समूहातील जुनी आणि भरवशाची पुरवठादार कंपनी. या कारखान्यात इतर भागांबरोबर पी-व्हॉल्व्ह नावाचा एक छोटा भाग तयार होत असे. गाडीला जोरात ब्रेक लावला की वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. अशा वेळी मागच्या ब्रेकवर पुढच्याइतकाच दाब आला, तर ती चाके जागीच अडकून गाडी घसरते. मागचा दाब बेतात ठेवण्याचे काम हा व्हॉल्व्ह करतो. आकाराने तो सिगारेटच्या पाकिटाएवढा असतो आणि गाडीच्या एकूण खर्चात त्याची किंमत कोणाच्या नजरेतही भरणार नाही, परंतु तो नसेल तर गाडी रस्त्यावर सोडता येत नाही.

टोयोटाला लागणाऱ्या पी-व्हॉल्व्हपैकी सुमारे ९९ टक्के आयसिनकडून येत आणि ते जवळजवळ सगळे या एकाच कारखान्यातून निघत. तेथे दिवसाला ३२ हजारांहून अधिक व्हॉल्व्ह बनत होते. माल लागेल तेव्हा आणि लागेल तेवढाच आणायचा, ही टोयोटाची जगभर गाजलेली पद्धत असल्याने तिच्या जुळणी कारखान्यांत या भागाचा साठा फार थोडा होता. त्यातच वेळ वाईट होती. जपानमधील उपभोग कर १ एप्रिल १९९७ पासून ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर जाणार होता, त्याआधी गाडी घेऊन टाकण्यासाठी ग्राहकांची घाई चालली होती आणि टोयोटाचे कारखाने जादा वेळ काम करून दिवसाला सुमारे १५ हजार गाड्या काढत होते.

हे प्रकरण जाहीर असून अभ्यासकांनी ते बारकाईने तपासलेले आहे, त्यामुळे येथे कंपन्यांची नावे तशीच ठेवली आहेत. व्यक्तींची नावे मात्र घेतलेली नाहीत.

अडचण नेमकी कुठे होती

यंत्रे जळाली, ही अडचण सर्वांना दिसत होती. तिच्याखाली दुसरी एक अडचण होती आणि ती अधिक अवघड होती. आयसिनचे पी-व्हॉल्व्ह खास त्याच कामासाठी बांधलेल्या यंत्रांवर बनत. आपल्याकडच्या कारखान्यांत ज्याला एसपीएम (स्पेशल पर्पज मशीन) म्हणतात, त्या जातीची ही यंत्रे. अशा यंत्रावर एका बाजूने कच्चा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, घातला की दुसऱ्या बाजूने तो पुरा होऊन बाहेर पडतो. मधल्या पायऱ्यांचे शहाणपण यंत्राच्या रचनेतच मुरलेले असते आणि ते वेगळे लिहून ठेवण्याची गरज रोजच्या कामात कोणालाही भासत नाही. यंत्र जळाले की ते शहाणपणही जळते. हाती उरते ते ड्रॉइंग, म्हणजे भागाची मापे दाखवणारा आराखडा.

पुण्याजवळ भोसरीत किंवा चाकणला जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांचे भाग बनवून देण्याचे काम, करणाऱ्या कोणालाही हे चटकन पटेल की ड्रॉइंग हातात आले म्हणजे जॉब निघाला, असे होत नाही. कोणत्या बाजूने पकडायचे, आधी कोणते भोक मारायचे, खोल भोकासाठी कोणते ड्रिल आणि कोणता वेग ठेवायचा, फिक्स्चर, म्हणजे जॉब घट्ट धरून ठेवणारा साचा, कसे बांधायचे, हे सगळे यंत्रागणिक बदलते. पी-व्हॉल्व्हच्या आतील भोके खोल, काही निमुळती आणि अचूकतेला कडक होती. त्यासाठी लागणारी खास ड्रिल आणि भोक अचूक मापाला आणणारे रीमरही आगीत गेले होते. शिवाय व्हॉल्व्ह एकाच प्रकारचा नव्हता. गाडीच्या प्रत्येक नमुन्यासाठी थोडाफार वेगळा, असे करत करत त्याचे शंभराहून अधिक प्रकार झाले होते. चांगल्या दिवसांत हा पसारा कोणाला खुपत नाही, कारण प्रत्येक नवा प्रकार एकेकट्याने पाहिला तर सोयीचाच असतो.

समोरच्या वाटा

त्या सकाळी कोणत्या वाटा खुल्या होत्या, हे आज मागे वळून मांडणे सोपे आहे, तरीही मांडायला हवे, कारण त्यांतील बहुतेक वाटा एरवी कोणत्याही कंपनीने आधी धरल्या असत्या.

जळालेल्या लाइन पुन्हा उभ्या करणे ही पहिली वाट होती. ती टाळता येण्याजोगी नव्हतीच, परंतु खास यंत्रे मागवून, बसवून, सेटिंग करून पूर्वपदावर यायला आठवड्यांचा हिशेब होता आणि जुळणी कारखान्यांकडे दिवसही नव्हते. दुसरी वाट होती इतरांकडून तयार माल घेण्याची. पण उरलेला एक टक्का पुरवणाऱ्याने रातोरात शंभर पट माल काढावा, ही अपेक्षाच व्यर्थ होती. तिसरी वाट टोयोटापुरती होती: लाइन थांबवायच्या, कर्मचाऱ्यांना घरी बसवायचे, झालेल्या नुकसानीचा हिशेब मांडून तो पुरवठादाराच्या नावावर टाकायचा आणि त्याने सावरण्याची वाट पाहायची. करारातील कलमे वाचत बसणाऱ्या संस्थेला हीच वाट सर्वांत सुरक्षित वाटते.

चौथी वाट म्हणजे आपले ड्रॉइंग ज्याच्याकडे थोडीफार यंत्रसामग्री आहे अशा प्रत्येकाच्या हाती द्यायचे आणि “तुमच्याकडे जे आहे त्यावर, तुम्हाला जमेल त्या रीतीने हा भाग बनवा” असे सांगायचे. तिच्यात धोके उघड होते. ब्रेकचा भाग नवख्या हातांनी बनवलेला असणार, म्हणजे गुणवत्तेचा प्रश्न येणार. आपली कला दुसऱ्याला शिकवायची, म्हणजे उद्या तोच स्पर्धक होण्याची भीती. खर्चाचा अंदाज तर कोणालाच देता येणार नव्हता.

काय केले

आयसिनने चौथी वाट धरली आणि ती धरायला दिवस लावला नाही. आग पूर्ण विझण्याची वाट न पाहता आपत्कालीन कक्ष उभा राहिला, शनिवारीच टोयोटाला आणि इतर पुरवठादारांना मदतीची हाक गेली, आणि जो मागेल त्याला ड्रॉइंग देण्यास सुरुवात झाली. टोयोटानेही आपले अभियंते शेकड्यांनी आयसिनच्या मदतीला पाठवले.

पुढच्या काही दिवसांत ६२ कंपन्या प्रत्यक्ष पी-व्हॉल्व्ह बनवण्याच्या कामाला लागल्या, आणि त्यांच्या मागे त्यांचे उपपुरवठादार व यंत्र-अवजारे बनवणारे धरले तर एकूण आकडा २०० च्या आसपास जातो. यांतील बहुतेकांनी असला व्हॉल्व्ह पूर्वी बनवलेला नव्हता. याच कारिया शहरातील डेन्सो या मोठ्या कंपनीने आपली नेहमीची कामे बाहेर देऊन स्वतःची यंत्रे मोकळी केली. टोयोटाच्या नमुना बनवणाऱ्या कार्यशाळाही या कामाला जुंपल्या गेल्या. शिवणयंत्रे आणि टंकयंत्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ब्रदर या कंपनीने मोटारीचा भाग कधी बनवला नव्हता. तिने एका मिलिंग यंत्रावर सुमारे ५०० मनुष्यतास खर्च करून ते या कामासाठी बसवले आणि त्यातून दिवसाला जेमतेम ४० व्हॉल्व्ह निघाले. दिवसाला ३२ हजारांच्या गरजेपुढे ४० हा आकडा हास्यास्पद वाटेल. परंतु अशाच चाळीस-चाळीसच्या, कुठे शंभराच्या, कुठे हजाराच्या धारा एकत्र आल्यामुळे गाड्या चालू झाल्या, हे या प्रकरणातील ध्यानात घेण्यासारखे अंकगणित आहे.

वापरण्याजोगे पहिले हजार व्हॉल्व्ह देण्याचा मान कोणा बड्या कंपनीला मिळाला नाही. क्योरित्सु सांग्यो या छोट्या पुरवठादाराने ते आगीपासून चार दिवसांच्या आत पोचवले. छोट्या कारखान्यात सर्वसाधारण यंत्रे असतात, रोज वेगळा जॉब लावण्याची सवय असते आणि मालक, सुपरवायझर व ऑपरेटर एकाच यंत्राभोवती उभे राहून सेटिंग ठरवतात. त्या आठवड्यात या सवयीचे मोल एसपीएमच्या वेगापेक्षा जास्त ठरले.

आयसिनने एक गोष्ट मात्र स्वतःच्या हातातून सोडली नाही. बाहेर बनलेल्या भागांची तपासणी आणि अंतिम जुळणी यांवर तिचेच लक्ष राहिले. कसे बनवायचे हे बनवणाऱ्यावर सोडले, पण चालेल की नाही हे ठरवण्याचा अधिकार एका जागी ठेवला. ब्रेकच्या बाबतीत याहून वेगळे काही करणे बेजबाबदारपणाचे ठरले असते.

निकाल

मंगळवारी, ४ फेब्रुवारीला, टोयोटाच्या जपानमधील ३० पैकी २० लाइन बंद पडल्या आणि बुधवारी जवळजवळ सगळ्याच थांबल्या. गुरुवारपासून काही कारखाने पुन्हा सुरू झाले, आणि सोमवारी, १० तारखेला, उत्पादन बहुतांशी रुळावर आले होते. सुमारे ७० हजार गाड्यांचे उत्पादन त्या आठवड्यात हुकले. त्यातील बराच भाग पुढे जादा पाळ्या करून भरून काढण्यात आला.

पैशाचा विषय यानंतर निघाला. मदत करणाऱ्या कंपन्यांचा मजुरी, साहित्य आणि यंत्रांवर झालेला प्रत्यक्ष खर्च आयसिनने भागवला. टोयोटाने आपल्या थेट पुरवठादारांना जानेवारी ते मार्च या तिमाहीत त्यांनी टोयोटाला केलेल्या विक्रीच्या एक टक्का एवढी रक्कम कृतज्ञता म्हणून दिली, आणि त्यांतील अनेकांनी तिचा वाटा आपल्या उपपुरवठादारांपर्यंत नेला.

निर्णयाच्या जागा

या प्रकरणाकडे पाहताना बहुतेकांचे लक्ष वेगावर खिळते. मला त्यातील तीन निर्णय वेगापेक्षा महत्त्वाचे वाटतात, कारण वेग हा त्यांचा परिणाम होता.

पहिला निर्णय अपुऱ्या माहितीवर मदत मागण्याचा. शनिवारी सकाळी आयसिनला आपले किती नुकसान झाले हे नेमके माहीत असणे शक्यच नव्हते. बहुतेक संस्थांमध्ये अशा वेळी आधी पाहणी होते, मग अहवाल होतो, मग ग्राहकाला किती सांगायचे आणि किती झाकायचे यावर खल होतो. पुरवठादाराच्या मनात ग्राहक हातचा जाण्याची भीती असते आणि ती रास्तही असते. आयसिनला ही भीती बाजूला ठेवता आली याचे कारण तिच्या स्वभावापेक्षा नात्याच्या घडणीत आहे. अडचण लवकर सांगणाऱ्याला शिक्षा होत नाही, हा अनुभव टोयोटाच्या पुरवठादारांना अनेक वर्षे आलेला होता. लाइनवरचा कामगार दोष दिसताच दोरी ओढून काम थांबवू शकतो, ही तिथली प्रसिद्ध रीत. शनिवारी आयसिनने ओढली ती त्याच दोरीची मोठी आवृत्ती होती.

दुसरा निर्णय भाव न ठरवता काम सुरू करण्याचा. साठाहून अधिक कंपन्यांशी दर, दंड आणि हमी यांच्या वाटाघाटी करायच्या ठरवल्या असत्या तर पहिला आठवडा त्यातच गेला असता. भाव नंतर नीट मिळेल, या विश्वासावर ब्रदरने ५०० तास घातले. हा विश्वास आणीबाणीत निर्माण करता येत नाही. तो आधी साठलेला असावा लागतो. ज्या संस्था दरवर्षी निविदा काढून सर्वांत स्वस्त पुरवठादार बदलत राहतात, त्यांच्याकडे तो साठण्याची शक्यता कमी. स्वस्त निविदेतून वाचलेले पैसे ताळेबंदात दिसतात, न साठलेला विश्वास दिसत नाही, त्यामुळे हिशेब नेहमी एकाच बाजूला झुकतो.

तिसरा निर्णय आगीनंतरचा आहे आणि तो वादग्रस्त आहे. साठा वाढवावा, प्रत्येक भागासाठी दोन पुरवठादार ठेवावेत, अशी टीका तेव्हा झाली आणि ती चुकीची नव्हती. टोयोटाने मात्र माल वेळेपुरताच आणण्याची पद्धत सोडली नाही. समूहातील कंपन्यांनी आपापल्या कमकुवत जागा शोधण्याचे काम हाती घेतले. साठा धरला तर रोजचे दोष त्याच्याआड लपतात, हा टोयोटाचा जुना युक्तिवाद. रोजच्या कामासाठी तो मला पटतो. दशकातून एकदा येणाऱ्या घटनेसाठी तो पुरेसा आहे का, याबद्दल मी साशंक आहे, आणि पुढच्या घटनांनी ही शंका पुष्ट केली.

काय वेगळे करता आले असते

एक पुरवठादार आणि एक जागा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत या प्रकरणाच्या मुळाशी होती. आयसिन हाच एकमेव पुरवठादार ठेवूनही त्याच्या दोन कारखान्यांत, एकमेकांपासून दूर, थोडेथोडे उत्पादन विभागता आले असते. त्याने खर्च थोडा वाढला असता, पण नात्याची घडी तशीच राहिली असती. एसपीएमच्या मोठ्या लाइन एकाच छताखाली लावण्यात जो वेग आणि काटकसर होती, तिची किंमत त्या पहाटे एकदम चुकवावी लागली.

ज्ञान फक्त यंत्रात ठेवू नये, हा दुसरा मुद्दा. प्रत्येक खास भागासाठी “साध्या यंत्रांवर हा कसा काढता येईल” याची एक टिपणवजा प्रत कारखान्याबाहेर ठेवली असती, आणि वर्षातून एखाद्या वेळी बाहेरच्या कोणाकडून शे-दोनशे नग त्या टिपणावरून काढून पाहिले असते, तर ड्रॉइंग वाचून प्रत्येकाने पहिल्यापासून डोके चालवण्यात गेलेले तास वाचले असते. अशा सरावाला तातडीचे कारण नसते, म्हणून तो पुढे ढकलला जातो.

व्हॉल्व्हचे शंभरावर प्रकार का असावेत, हा प्रश्नही आगीपूर्वी विचारता आला असता. प्रकार कमी असते तर प्रत्येक मदतनीस कारखान्याला एकच सेटिंग लावून अधिक नग काढता आले असते. लवचिकतेची चर्चा करताना आपण पर्याय वाढवण्याबद्दल बोलतो. येथे मात्र प्रकार कमी करण्यातच लवचिकता होती.

आणि एक गोष्ट निर्णयाची नसून नशिबाची होती, हे मान्य करायला हवे. आग एका कारखान्यापुरती राहिली. शेजारचे कारखाने, रस्ते, वीज, दूरध्वनी सगळे शाबूत होते. मदत करणारे हात धडधाकट असतानाच मदतीची व्यवस्था चालते.

नंतरच्या घटनांच्या उजेडात

१६ जुलै २००७ रोजी निईगाता प्रांतातील भूकंपात पिस्टन रिंग बनवणाऱ्या रिकेन कंपनीचा काशिवाझाकी येथील कारखाना बंद पडला, तेव्हा टोयोटासह अनेक वाहन कंपन्यांना उत्पादन थांबवावे लागले. त्यांनी शेकडो अभियंते तेथे पाठवले आणि सुमारे आठवडाभरात काम पुन्हा सुरू झाले. कारियात भाग बाहेर बनवून घेतला होता. येथे माणसे आत पाठवून यंत्रे उभी केली गेली. पद्धत बदलली तरी पाया तोच होता.

११ मार्च २०११ च्या महाभूकंपाने या पद्धतीची सीमा दाखवली. इबाराकी प्रांतातील रेनेसास कंपनीच्या नाका कारखान्यात मोटारींसाठी लागणाऱ्या मायक्रोकंट्रोलर (नियंत्रणाचे काम करणाऱ्या) चिप बनत. तेथेही वाहन कंपन्यांनी मोठ्या संख्येने माणसे पाठवली आणि जूनच्या सुरुवातीला उत्पादन अपेक्षेपेक्षा लवकर सुरू झाले, तरीही मध्ये जवळजवळ तीन महिने गेले. मिलिंग यंत्र बदलून त्यावर व्हॉल्व्ह काढता येतो, पण चिप काढता येत नाही. ड्रॉइंग साठ जणांना वाटण्याची युक्ती तेथे निरुपयोगी होती. शिवाय आपल्या पुरवठादाराचा पुरवठादार आणि त्याचाही पुरवठादार कोण, हे टोयोटाला नीट माहीत नव्हते. खाली पसरत जाते असे वाटणारे पुरवठादारांचे जाळे काही भागांच्या बाबतीत तळाशी पुन्हा एका टोकाला येऊन मिळत होते.

त्यानंतर टोयोटाने खालच्या पातळीपर्यंतच्या पुरवठादारांची नोंद ठेवण्यास सुरुवात केली आणि चिपसारख्या भागांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांनी ठेवावा असे ठरवले. जी कंपनी साठ्याच्या विरोधासाठी ओळखली जात होती, तिनेच निवडक भागांसाठी साठा पत्करला. २०२१ मध्ये चिपच्या टंचाईने जगभरातील वाहन कंपन्या हैराण झाल्या, तेव्हा पहिले काही महिने टोयोटा त्यामुळेच तगून राहिली. पण त्या वर्षी ऑगस्टमध्ये आग्नेय आशियातील करोना साथीने तेथील कारखाने रोखले आणि सप्टेंबरचे जागतिक उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी कमी करत असल्याचे टोयोटालाही जाहीर करावे लागले. साठा कधीतरी संपतो. तो मिळवून देतो ते काही आठवडे, आणि त्या आठवड्यांत काय करायचे हे ठरलेले नसेल तर ते नुसते उशिरा आलेले संकट असते.

१ मार्च २०२२ रोजी टोयोटाचे जपानमधील सर्व १४ कारखाने एक दिवस पुन्हा बंद राहिले. या वेळी कोजिमा या प्लास्टिकचे भाग पुरवणाऱ्या कंपनीच्या संगणक व्यवस्थेवर सायबर हल्ला झाला होता. काही जळाले नव्हते, एकही यंत्र बिघडले नव्हते, भाग बनवता येत होते. कोणता भाग किती आणि कधी पाठवायचा हे सांगणारी यंत्रणा तेवढी गप्प झाली होती.